सोलापूरच्या रानात मका आणि कडधान्याची जोडी: पहिल्यांदाच शेती हाती घेणाऱ्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मृग-आर्द्रात थोडाफार येतो, जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर ओढ देतो आणि उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे, खरा बरसतो. कोकणातल्या किंवा कोल्हापूरच्या शेतकऱ्याचं वेळापत्रक इथे चालत नाही ते यामुळे. इथली पिकं ठरवताना एकच प्रश्न आधी विचारायचा: या पिकाला पाणी नेमकं कधी लागतं?

मक्याला ते लागतं ऑगस्टमध्ये. जूनअखेर पेरलेला मका पन्नास-साठ दिवसांनी तुऱ्यावर येतो, कणसातून केसर बाहेर पडतात आणि त्याच आठ-दहा दिवसांत जमिनीत ओल नसेल तर कणीस दिसायला मोठं आणि आत दातपडकं निघतं. पुढे कितीही पाऊस झाला तरी ते दाणे परत भरत नाहीत. तुरीचं नेमकं उलट. पहिला दीड महिना ती सावकाश वाढते, मूळ खोल नेते, ऑगस्टची ओढ सोसते, आणि सप्टेंबरच्या पावसावर फांद्या धरून पुढे फुलावर येते. मक्याचा डाव ऑगस्टवर, तुरीचा सप्टेंबरवर. दोन-तीन एकर जमीन, एक विहीर नाहीतर बोअर आणि दावणीला दोन जनावरं, एवढंच ज्याच्याकडे आहे त्याने सगळं रान एकट्या मक्याला देऊ नये असं मी ठामपणे म्हणतो, त्याचं कारण हे आहे. जमिनीचा कस हे दुसरं कारण, त्याचा हिशेब पुढे येतोच.

शाश्वत सघन शेती असं भारी नाव ज्याला आहे त्याचा इथला अर्थ साधा आहे: तेवढ्याच जमिनीतून, तेवढ्याच पाण्यात, कस न घालवता वर्षाकाठी जास्त काढणं. नवीन माणसाने पहिल्या वर्षी ते दहा गुंठ्यांवर करावं. बाकीचं रान घरात जसं चालत आलं आहे तसं चालू द्यावं.

आधी खड्डा खणा

उन्हाळ्यात, रान मोकळं असताना, पट्टीच्या वरच्या अंगाला, मध्ये आणि खालच्या अंगाला एकेक खड्डा खणा. मुरूम कुठे लागतो ते मोजा. जिल्ह्यात एकाच गटात वर माळाची मुरमाड जमीन आणि खाली ओढ्याकाठी भारी काळी असं हमखास असतं, आणि बांधावरून बघून ते कळत नाही.

मुरूम पाऊण फुटाच्या आत लागला तर तिथे मका पेरायचाच नाही. तिथे हुलगा किंवा मटकी. हुलग्याच्या ‘सीना’ आणि ‘माण’ या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आपल्याच नद्यांच्या नावाच्या आहेत आणि अशा रानात तग धरतात. पाऊण ते दीड फूट माती असेल आणि पाण्याची सोय नसेल तर बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरीच्या, एक तुरीची. ही पद्धत इथे जुनी आणि पारखलेली आहे. मका कोरडवाहू हलक्या रानात नेण्याचा मोह टाळा, शेजाऱ्याचा चांगला आला असला तरी. त्याची माती किती खोल आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.

दीड फुटाच्या पुढे माती आणि ऑगस्टात निदान दोन पाणी देता येतील एवढी सोय, हे मक्याचं रान. ते पाणी विहिरीचं असो, शेततळ्याचं असो, नाहीतर उजनीच्या कालव्याचं. दोन फुटांच्या पुढची भारी जमीन असेल तर तिच्यात खरिपानंतर हरभरा किंवा ज्वारीही ओलीवर निघते, म्हणजे तिथे वर्षात दोन पिकांचा विचार करता येतो.

खड्डे खणलेच आहेत तर मातीचा नमुनाही तपासायला द्या. सोलापूरच्या जमिनी बहुतेक विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, आणि चुनखडीच्या, त्यात जस्त आणि लोह कमी पडतं. मका जस्ताच्या कमतरतेला फार लवकर बळी पडतो: कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसतात. नमुना तपासणीसाठी आणि गावच्या मातीला कोणती जात बरी हे विचारण्यासाठी दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, एक खेडचं शबरी कृषी प्रतिष्ठानचं आणि दुसरं मोहोळचं. सोलापूर शहरातलं कोरडवाहू संशोधन केंद्र तर १९३३ पासूनचं आहे. आपल्या मातीवर, आपल्या पावसात एवढी वर्षं काम झालेलं असताना यूट्यूबवरचा परजिल्ह्यातला सल्ला आधी ऐकण्याचं कारण नाही.

जोडी कोणती निवडायची

तीन पर्याय देतो. पहिल्या वर्षी यातला एकच घ्या.

पहिला, मका आणि तूर. मक्याच्या दोन ओळी आणि तुरीची एक, सगळ्या ओळींत ६० सेंटिमीटर म्हणजे दोन फूट अंतर. मका ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघतो, त्यानंतर तुरीला मोकळं ऊन आणि परतीच्या पावसाची ओल मिळते. नवीन माणसाला मी हाच पर्याय सांगतो. ऑगस्ट कोरडा गेला तर मक्याची वैरण होते आणि तूर हाती राहते. सप्टेंबर कोरडा गेला तर निदान मका घरात आलेला असतो. दोन्ही बुडाले अशी वर्षंही येतात, पण एकट्या पिकापेक्षा कमी.

दुसरा, मका आणि उडीद. मक्याच्या दोन ओळींत ७५ सेंटिमीटर अंतर ठेवून मधोमध उडदाची एक ओळ. इथे मक्याची झाडं कमी होत नाहीत, उडीद वरकड मिळतो. पण याला एक अट आहे आणि ती सोलापुरात फार महत्त्वाची आहे. उडीद सत्तर-पंचाहत्तर दिवसांत येतो. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेरला तर ऑगस्टअखेर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेंगा काळ्या पडतात आणि पोळ्याच्या आसपास काढणी उरकते. पेरणी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गेली की काढणी नेमकी उत्तराच्या पावसात सापडते, शेंगा झाडावरच भिजतात, दाणा डागाळतो, कधी कोंबही फुटतात. डागी उडदाला बाजारात कोणी विचारत नाही. तेव्हा मृग-आर्द्राच्या सुरुवातीला पेरणीलायक पाऊस झाला तरच उडीद किंवा मूग. पाऊस लांबला तर सरळ तुरीकडे वळा.

तिसरा, मका आणि चवळी, वैरणीसाठी. ज्यांच्याकडे पंढरपुरी म्हशी किंवा दुधाच्या गाई आहेत त्यांनी थोडं रान यासाठी राखावंच. मका चिकात असताना, दाणा अर्धवट कडक झाला की, चवळीसकट कापायचा आणि कुट्टी करून हिरवा घालायचा. मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेली हिरवी वैरण, करायचा असेल तर मक्याचं प्रमाण जास्त ठेवा. चवळी फार झाली तर मुरघास नीट आंबत नाही. ही जोडी पैसे थेट देत नाही, पण उन्हाळ्यात विकतची वैरण वाचते आणि शेणखत घरचं राहतं. त्या शेणखताशिवाय पुढचं काहीच उभं राहत नाही.

बियाणं आणि त्यावरचे सोपस्कार

मक्याचा संकरित वाण दरवर्षी विकत घ्यावा लागतो, त्याचा दाणा राखून पेरला की दुसऱ्या वर्षी पीक एकसारखं येत नाही. खरिपासाठी लवकर ते मध्यम मुदतीचा, म्हणजे ९० ते १०५ दिवसांचा वाण घ्या. उशिराचा वाण उंच होतो, तुरीवर सावली जास्त दिवस राहते. तुरीत बीडीएन ७११ किंवा फुले राजेश्वरी या दीडशे दिवसांच्या आसपासच्या जाती इथे बसतात. फार उशिराच्या जाती डिसेंबरात ओल संपल्यावर शेंगा भरत बसतात. उडदात टीएयू १ किंवा टीपीयू ४. तूर आणि उडीद यांचं बी सरळ वाणाचं असतं, त्यामुळे पहिल्या वर्षी प्रमाणित बी आणलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचं निवडून वापरता येतं.

एकरी बियाणं: वर सांगितलेल्या दोनास-एक पद्धतीत मका पाच किलोच्या आसपास आणि तूर सव्वा दोन ते अडीच किलो. मका-उडीद घेणार असाल तर मका सहा ते सात किलो आणि उडीद अडीच ते तीन किलो. दहा गुंठ्यांसाठी याचा चौथा हिस्सा, म्हणजे खर्च किती कमी आहे ते बघा.

बीजप्रक्रियेला वेळ लागतो अर्धा तास, पण ती टाळणारेच जास्त. तुरीच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम चोळा, मर रोगाला तो पहिला अटकाव. त्यानंतर रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दहा किलोला २५० ग्रॅमच्या हिशेबाने, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून बियाण्याला लावा आणि सावलीत सुकवा. उन्हात सुकवलं की जिवाणू मरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. रायझोबियम घेताना पिकाचं नाव सांगूनच पाकीट मागा: तूर, मूग, उडीद, चवळी यांचं एक, हरभऱ्याचं वेगळं. पाकिटावरची मुदत वाचा. मक्याला रायझोबियमचा उपयोग नाही, त्याला ॲझोटोबॅक्टर. मक्याचं बी कंपनीकडून रंगवून, औषध लावूनच येतं. ते जनावरांच्या, कोंबड्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

पेरणी

निदान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल गेल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. पहिल्या सरीवर घाईने पेरून दुबार पेरणीचं संकट ओढवून घेणारे दरवर्षी दिसतात, आणि दुबार पेरणीत बियाण्याबरोबर हंगामाचे दिवसही जातात. वाफसा आला, म्हणजे माती ओली पण चिखल न होणारी झाली, की पेरा.

पेरणी उताराला आडवी करा. ट्रॅक्टर उभा चालवायला सोपा म्हणून पुष्कळ जण उताराच्या दिशेने पेरतात आणि मग पहिल्या वळवासारख्या पावसात माती ओढ्यात जाते. गावात रुंद वरंबा सरीचं पेरणीयंत्र भाड्याने मिळत असेल तर ते घ्या. वरंब्यावर पीक आणि बाजूच्या सरीत पाणी जिरतं, सप्टेंबरात जास्त झालेलं पाणी निघूनही जातं. तूर पाणी साचलेलं सोसत नाही, हे लक्षात असू द्या.

दहा गुंठे असतील तर मका टोकून लावावा. दोन रोपांत २० सेंटिमीटर, खोली दीड-दोन इंच. तुरीलाही २० ते ३० सेंटिमीटर अंतर, प्रत्येक ठिकाणी दोन बिया. उगवल्यावर आठवड्याभरात नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरा, दोन आठवड्यांनी विरळणी करून प्रत्येक ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवा. विरळणीत हात आखडू नका. दाट मक्याला ऑगस्टात पाणी पुरत नाही.

खत: बचत कुठे आणि कुठे नाही

कडधान्य हवेतला नत्र मुळावरच्या गाठींत धरतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यावरून एक चुकीचा अर्थ काढला जातो: उडीद-तूर शेजारी आहे, मग मक्याचा युरिया अर्ध्यावर आणू. तसं होत नाही. गाठींतला नत्र त्या हंगामात बहुतेक त्या कडधान्यालाच लागतो, आणि दाण्याबरोबर बराचसा शेताबाहेरही जातो. मक्याला उभ्या हंगामात त्याचा वाटा फार थोडा मिळतो. फायदा मिळतो पुढच्या पिकाला, तुरीची गळालेली पानं आणि मुळं जमिनीत कुजल्यावर. तुरीचा पालापाचोळा शेतातच पडू द्या, झाडून नेऊ नका. बचत तिथे आहे.

सलग मक्यासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. गोण्यांच्या भाषेत एकरी एक गोणी डीएपी, सुमारे २५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि ४५ किलोच्या दोन गोण्या युरिया. तुरीबरोबर मक्याच्या ओळी दोन-तृतीयांशच राहतात, म्हणून मक्याचा हिस्साही त्या मानाने कमी करा. उडदाच्या पद्धतीत मक्याची झाडं पूर्ण असतात, तिथे खतही पूर्ण. यातलं डीएपी आणि पोटॅश पेरताना बियाण्याच्या खाली-बाजूला पडेल असं द्या. युरियाचे तीन हप्ते करा: थोडा पेरणीला, थोडा महिन्याने आणि उरलेला चाळीस-पंचेचाळीसाव्या दिवशी, तुरा दिसण्याआधी. हे दोन्ही वरचे हप्ते फक्त मक्याच्या ओळीला, ओल असताना, मातीआड. तुरीच्या-उडदाच्या ओळीला वरून युरिया दिला की गाठी धरायच्या थांबतात आणि पाला माजतो. जस्ताची कमतरता निघाली असेल तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट, शेणखतात मिसळून. डीएपीबरोबर एकत्र कालवू नका.

एकरी चार-पाच टन कुजलेलं शेणखत हे सगळ्याच्या आधीचं. घरचं तेवढं नसतं हे खरं आहे. मग आहे तेवढं सगळ्या रानावर पातळ पसरण्याऐवजी दरवर्षी एका पट्टीला पुरतं द्या आणि पट्टी बदलत जा.

पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी तुरीचं किंवा उडदाचं एखादं रोप मातीसकट अलगद उपटा, मुळं धुवा आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट निघाली, किंवा गाठीच नसल्या, तर पुढच्या वर्षी जिवाणूंचं पाकीट आणि बीजप्रक्रिया नीट बघा.

तणनाशक घेण्याआधी हे वाचा

नवीन माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. दुकानात जाऊन नुसतं ‘मक्याचं तणनाशक द्या’ म्हटलं की ॲट्राझिन मिळतं, किंवा उगवणीनंतरचं टेम्बोट्रिऑन, टोप्रामेझोन. सलग मक्यात ही चालतात. पण ही रुंद पानांच्या तणाला मारतात, आणि तूर, उडीद, चवळी ही रुंद पानांचीच पिकं आहेत. फवारलं की मका हिरवागार आणि मधल्या ओळी पिवळ्या पडून जळालेल्या. शिवाय चुनखडीच्या जमिनीत पाऊस कमी झाला तर ॲट्राझिनचा अंश लांबत जातो आणि मागून पेरलेल्या हरभऱ्यालाही त्रास देतो.

जोडपिकात पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, उगवणीपूर्वी, ओल्या जमिनीवर पेंडीमिथॅलीन ३० ईसी, एकरी एक लिटर, दोनशे लिटर पाण्यातून, हे मका आणि कडधान्य दोघांनाही चालतं. फवारताना मागे सरकत जा, म्हणजे फवारलेली जमीन तुडवली जात नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी कोळपणी आणि गरजेप्रमाणे खुरपणी. दहा गुंठ्यांना तर तणनाशकाची गरजच नाही. वेळेवर दोन कोळपण्या आणि एक खुरपणी पुरते. कोळपणीने तण तर जातंच, वरची भेग बुजते आणि खालची ओल उडायची थांबते. ओढीच्या दिवसांत तण नसलं तरी कोळपं फिरवावं ते त्यासाठी.

लष्करी अळी

अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली आधी कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या मक्यावर पोचली. तेव्हापासून मका लावायचा म्हणजे तिच्यासकट लावायचा. ओळख सोपी आहे: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. पानावर खिडक्यांसारखे पारदर्शक चट्टे, मग ओळीने भोकं, मग पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा.

उगवणीच्या दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात जा. पाच ठिकाणी थांबून प्रत्येकी वीस झाडांचे पोंगे बघा. शंभरात पाचांवर अळी किंवा ताजे चट्टे दिसले की पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची आणि शंभर लिटर पाणी करायचं. अंडीपुंज पानाखाली लोकरीसारखे दिसतात. दहा गुंठ्यांत ते हाताने चिरडणं हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. एकरी पाच कामगंध सापळे लावले की पतंग कधी आले ते आधी कळतं.

त्यातूनही अळी वाढली, शंभरात दहा-वीस झाडं धरली, तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी दहा लिटरला ४ ग्रॅम, किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी दहा लिटरला ४ मिलि. नोझल पोंग्यावर धरा, पानांवर नुसतं भुरभुरून उपयोग नाही, अळी आत बसलेली असते. संध्याकाळची वेळ चांगली. एकच औषध पुन्हा पुन्हा वापरू नका. हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या पाठीकडून फवारणी, हे रोजंदारीवर आलेल्या माणसालाही आपणच पुरवायचं असतं. फवारलेला मका जनावरांना किती दिवसांनी घालायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं.

जोडपिकाची इथे मदत होते. मधल्या ओळींत ढालकिडे, कोळी, परोपजीवी माश्या टिकून राहतात. ती मदत राखायची असेल तर भीतीपोटी पहिल्याच आठवड्यात जहाल औषध मारू नका.

तुरीची शेंगा पोखरणारी अळी फुलोऱ्यात येते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शेतात पक्ष्यांना बसायला टी-आकाराचे मचाण रोवा, पहिली फवारणी निंबोळी अर्काची, अळी लहान असताना एचएनपीव्ही, म्हणजे अळीला रोग लावणाऱ्या विषाणूचं औषध. ढगाळ हवा आली की रोज बघा, तीन-चार दिवसांत चित्र बदलतं.

ओढीचे दिवस

पाणी थोडं असेल तर ते कधी द्यायचं हे ठरलेलं असू द्या. मक्याच्या चार अवस्था: रोप पंचवीस-तीस दिवसांचं असताना, तुरा येताना पंचेचाळीस-पन्नासला, केसर पडताना साठ-पासष्टला आणि दाणे भरताना पंचाहत्तर-ऐंशीला. दोनच पाणी देता येत असतील तर मधली दोन. एकच असेल तर केसराचं. ठिबक असेल तर तेच पाणी दुप्पट रानाला पुरतं. मोकाट पाटपाण्याने चर भरून देऊ नका, एकाआड एक सरी भिजवा.

महिन्या-सव्वा महिन्याने तुरीच्या ओळीशेजारी बळीराम नांगराने सऱ्या पाडून ठेवा. पडेल तो पाऊस त्यात थांबतो. तूर पंचेचाळीस-पन्नास दिवसांची झाली की शेंडे खुडा. मक्याच्या सावलीत ती नुसती उंच जाते, शेंडा खुडल्यावर बगलेतल्या फांद्या धरतात.

ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला आणि मका तुऱ्यातच करपायला लागला, तर दाण्याची वाट बघत बसू नका. हिरवा आहे तोवर कापून मुरघास करा. वैरणीचे पैसे होतात, आणि तुरीला सगळी ओल मोकळी होते. हा निर्णय आठ दिवस लांबवला की वैरणही वाळून जाते.

काढणी आणि मागचं पीक

कणसाचं आवरण पिवळं-पांढरं पडून सुकलं, दाणा नखाने दबत नाही आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसतो, म्हणजे मका तयार. कणसं सोलून उन्हात पसरा. परतीच्या पावसाचे दिवस असतात, ताडपत्री हाताशी ठेवा. ओला मका थप्पीला लावला की बुरशी धरतो, आणि त्या बुरशीचं विष कोंबड्यांना, जनावरांना आणि माणसालाही बाधतं. दाणा दाताखाली कडकन फुटेल इतका, म्हणजे ओलावा बारा-तेरा टक्क्यांपर्यंत उतरल्यावरच पोत्यात भरा.

मक्याची धाटं पेटवू नका. चांगली धाटं कुट्टी करून जनावरांना, बुडखे आणि उरलेलं बारीक करून तुरीच्या ओळींत आच्छादन म्हणून पसरा. ऑक्टोबरच्या उन्हात तेवढ्याने ओल पंधरवडाभर जास्त राहते.

मका-उडदाचं रान ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोकळं होतं. भारी जमीन असेल तर ताबडतोब वखराची एक पाळी देऊन हरभरा पेरा, दिग्विजय किंवा यंत्राने काढायचा असेल तर उंच वाढणारा फुले विक्रम. जास्त मशागतीने ओल उडते, म्हणून एकच पाळी. मंगळवेढ्याकडच्या भारी रानात लोक ज्वारीच पसंत करतात आणि तिथे ते बरोबर आहे. पण मक्यामागे ज्वारी म्हणजे दोन खादाड तृणधान्यं पाठोपाठ. त्यापेक्षा सलग उडदामागे ज्वारी आणि मक्यामागे हरभरा असा फेर धरावा.

तूर डिसेंबर-जानेवारीत येते. ऐंशी टक्के शेंगा वाळल्या की कापा, बुडख्यासकट उपटू नका. मुळं जमिनीतच राहू द्या.

नोंद आणि विक्री

ई-पीक पाहणीच्या ॲपवर नोंद करताना मिश्र पीक म्हणून दोन्ही पिकं त्यांच्या क्षेत्रासकट टाका. नुसता मका नोंदवला तर सातबाऱ्यावर तूर दिसत नाही, आणि मग हमीभावाच्या खरेदी केंद्रावर किंवा नुकसानभरपाईच्या वेळी तुरीचा हक्क सांगता येत नाही.

२०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्राने जाहीर केलेले हमीभाव क्विंटलला असे होते: मका २,४०० रुपये, तूर ८,०००, उडीद ७,८००, मूग ८,७६८. मका आणि तुरीच्या भावात तिपटीहून जास्त फरक आहे. तुरीचे थोडे क्विंटलही मक्याच्या मोठ्या ढिगाशी बरोबरी करतात. बाजारात प्रत्यक्ष मिळणारा दर आवक आणि ओलाव्यावर खालीवर होतो, म्हणून माल वाळवून, चाळून न्या आणि बार्शी, सोलापूर अशा निदान दोन बाजार समित्यांचे त्या आठवड्याचे दर बघूनच गाडी भरा. घरच्यापुरती तूर ठेवून गावात डाळ करून विकणाऱ्यांना चार पैसे जास्त मिळतात, पण त्यासाठी घरात एक माणूस त्या मागे लागलं पाहिजे.

हंगाम संपला की वहीत त्या दहा गुंठ्यांचा हिशेब मांडा: बी, खत, औषध, मजुरी, पाण्याच्या पाळ्या, निघालेला मका, तूर, आणि वैरणीच्या पेंढ्याही. शेजारच्या सलग पिकाचा तसाच हिशेब मांडा. जोडी बरी निघाली तर दुसऱ्या वर्षी ती अर्ध्या एकरावर न्या, पण त्याच पट्टीत तूर पुन्हा घेऊ नका. मर रोगाची बुरशी मातीत राहते. जिथे तूर होती तिथे नुसता मका किंवा बाजरी, आणि जोडी शेजारच्या पट्टीत.